अक्काला दिलेली एक बाटली रक्त

माझे वडील घोडेगावच्या बाजारात बैलांच्या जोड्या जुळवून द्यायचे. दात, खांदा, शिंगांची ठेवण, चाल, सगळं बघून सांगायचे की हा त्याच्याशेजारी चालेल आणि हा चालणार नाही. मी नगरला माणसांच्या किडन्या जुळवतो. गावाकडचं कुणी भेटलं की हा विनोद ठरलेला, "बापानं बैलं जुळवली, पोरगं मानसं जुळवतंय. धंदा एकच!" पहिल्या पन्नास वेळा मी हसलो. नंतर नंतर "व्हय व्हय" म्हणून पुढे जायला लागलो.

वडिलांचा एक नियम मात्र होता. जोडीतला एक बैल आपल्या घरचा किंवा भावकीतला असला, तर ते त्याच्या तोंडाला हात लावत नसत. दुसऱ्या कुणाला तरी दात बघायला लावायचे. "आपल्या बैलाचं दात आपन बघू ने. खरं सांगितलं तरी बाजार म्हनतो लबाडी केली." मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो, शंभरदा ऐकलं असेल. आणि पन्नाशीत येऊन नेमकं तेच विसरलो.

माझी लॅब एका हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. दारावरच्या पाटीवर संचालक म्हणून माझं नाव आहे, आणि त्या नावाला घाबरतील असे पोरं-पोरी धरून सहा जण आहेत. किडनी द्यायला कुणी तयार झालं की त्याचं आणि पेशंटचं रक्त आमच्याकडे येतं. लोकांना वाटतं रक्तगट जुळला म्हणजे झालं. रक्तगटाच्या पुढेच तर सगळी भानगड असते. प्रत्येकाच्या पेशीवर त्याच्या आईबापाकडून आलेल्या खुणा असतात. परक्याच्या खुणा एकदा अंगात शिरल्या की शरीर त्या लक्षात ठेवतं, त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करून ठेवतं. वस्तीवरच्या कुत्र्याला कुणी एकदा दगड मारला की ते कुत्रं वीस वर्षांनीही त्या माणसाच्या वासावर भुंकतं, तसं. त्याच खुणांची किडनी बसवली तर शरीर ती टेबलावरच काळी करून टाकतं. ते आधीच ओळखायचं, हे माझं काम.

परक्याच्या खुणा अंगात शिरायच्या वाटा दोनच मोठ्या. एक, दुसऱ्याचं रक्त चढवणं. दुसरी, बाळंतपण, कारण पोटातलं मूल अर्धं बापाचं असतं. म्हणून बाई पेशंट आली की मी आधी नवऱ्याला बाहेर घालवतो. तो बसलेला असला की सगळी उत्तरं तोच देतो. "किती बाळंतपणं?" "दोन." "एखादं पडलं का?" "छ्या, तसलं काय न्हाई." त्याला बाहेर काढलं की बाई हळूच म्हणते, तीनदा पडलंय. कपाळ! एका घरात वीस वर्षं राहून ह्या बाबाला पत्ता नाही. असले नवरे बघून माझं डोकं फिरतं. आणखी एक सांगतो, किडनी द्यायला येतात त्या बायाच. आई देते, बायको देते, बहीण देते. बाईला लागली की घरातल्या सगळ्या पुरुषांना एकदम शुगर निघते.

अक्काच्या वेळी मात्र घरातले तिन्ही पुरुष उभे राहिले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर जे झालं त्यात कुणाचाच नालायकपणा नव्हता.

अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. सोनईजवळच्या वस्तीवर दिलेली. एक मुलगा झाला, त्यानंतर दोनदा दिवस राहिले आणि पडलं. पुढे अंगावरून इतकं जायला लागलं की डॉक्टरांनी पिशवी काढायची म्हणून सांगितलं. अंगात रक्त नव्हतंच, एक बाटली चढवल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही म्हणाले. मी तेव्हा पुण्यात पॅथॉलॉजी शिकत होतो. एसटीनं धावत आलो. आई हॉस्पिटलच्या पायरीवर बसलेली. म्हणाली, "परक्याचं नगं. कुनाचं कसलं आसंल काय म्हाईत. तूच दे. एका पोटचं हाय." आमच्याकडे सगळ्यांचंच हे मत असतं, घरचं रक्त चांगलं. तूप आणि रक्त घरचंच असावं. माझा आणि अक्काचा गट एकच. मी बाही वर केली. मला काय अभिमान वाटला तेव्हा! पेशींवरच्या खुणा वगैरे मी पुस्तकात वाचल्या होत्या, परीक्षेपुरत्या. अक्काच्या दोन्ही किडन्या तेव्हा धडधाकट होत्या. कोण कशाला विचार करतंय?

अक्का बरी झाली आणि त्या बाटलीची तिनं कथाच करून टाकली. लग्नात, बारशात, बाजारात, जिथं बसेल तिथं. "माज्या अंगात ह्याचं रक्त हाय बरं का." त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी पहिल्या स्टायपेंडमधून साडी नेली. तिनं ओवाळलं आणि साडी परत माझ्या पिशवीत कोंबली. "मला मिळाली ओवाळनी. अंगात हाय. तुज्या बायकूला दे." झालं! तेव्हापासून दर दिवाळीला हेच. मी साडी न्यायची, तिनं ढकलायची. मी चिडायचो, ती हसायची. तिनं कधी एक साडी घेतली नाही.

मग गुडघे. वाकून वाकून गुडघे गेले आणि ती बाजारातल्या दुकानातून गोळ्या घ्यायला लागली. दुखलं की एक, जास्त दुखलं की दोन. किती वर्षं? विचारलं तर म्हणाली, "आसतील धा-बारा." त्या गोळ्या किडन्या खातात, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. तिचा भाऊ डॉक्टर होता आणि दिवाळीला जेवून, ढेकर देऊन परत जात होता. कधी विचारलं नाही त्यानं, की अक्का, तू घेतेस काय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पायाला सूज आली, तोंड सुजलं, तेव्हा मला फोन आला. तोपर्यंत दोन्ही किडन्या संपल्या होत्या.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा सोनईहून नगरला. दाजी रिटायर झालेले, भाचा शेती बघणारा. पहिल्याच आठवड्यात दाजी माझ्या केबिनमध्ये येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. "माजी काढा," म्हणाले. "उद्या काढा." त्यांच्या पाठोपाठ भाचा. "मामा, माजी घ्या, मी तरना हाय." मला भरून आलं. इतक्या वर्षांत असलं घर मी क्वचित पाहिलं होतं.

दोघांचंही रक्त पुण्याच्या लॅबमधून तपासून आणलं. दाजींशी अक्काच्या अँटीबॉडी जोरदार. तीनदा त्यांचं मूल पोटात राहिलेलं, शरीर त्यांना ओळखून बसलेलं. भाच्याच्या पेशींवर अर्ध्या खुणा बापाच्या, त्याच्याशीही तेच. मी दोघांना समोर बसवून समजावलं. भाच्यानं विचारलं, "म्हंजे मी तिच्या पोटात हुतो म्हनून मला तिला देता येत न्हाई?" हो, म्हटलं. असंच आहे. "ह्याला काय आर्थ हाय का मामा?" नाही रे बाबा. काहीच अर्थ नाही.

राहिलो मी. अक्काला त्याची काळजीच नव्हती. भाच्याचं जुळत नाही म्हटल्यावर ती हसली. "आसू द्या. माज्या भावाचं जुळनार. रक्त आधीच चालवून बघितलंय की आपन!"

ती हे बोलली तेव्हा ती बाटली मला पहिल्यांदा डॉक्टर म्हणून आठवली.

आमच्या लॅबचा लेखी नियम आहे. मीच लिहिलेला. इथं काम करणाऱ्याच्या नातेवाइकाची तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये पाठवायची. माझ्या हाताखालच्या मुलीनं दबकत विचारलंही, "सर, हेही पुण्याला पाठवू या का सॅम्पल?" मी तिच्यावर खेकसलो. मला दोन दिवस थांबायचं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाच बघायचं होतं.

ही तपासणी साधी असते. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या. एका ट्रेमध्ये मोहरीएवढे खळगे असतात, त्यात अक्काच्या रक्तातलं पाणी थेंब थेंब टाकायचं, त्यात माझ्या पेशी सोडायच्या. तिच्या अँटीबॉडी माझ्याविरुद्ध असतील तर पेशी मरतात. शेवटी रंग टाकायचा. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, चकचकीत दिसते. मेलेली पेशी फुगते आणि रंगून जाते. हजारो ट्रे पाहिले असतील मी आयुष्यात. बाकीच्यांना जेवायला पाठवलं आणि दुपारी एकटाच मायक्रोस्कोपला बसलो.

पहिल्या खळग्यात सगळ्या रंगलेल्या. दुसऱ्यात सगळ्या रंगलेल्या. वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं, पेशी आधीच मेल्या असतील. म्हणून शेजारचा खळगा पाहिला, त्यात माझ्या पेशी होत्या पण अक्काचं काही नव्हतं. तिथं सगळ्या चकचकीत, जिवंत. परत तिच्या खळग्यात आलो. मेलेल्या. माझ्या अंगातल्या पेशी माझ्या बहिणीच्या थेंबात मरून पडल्या होत्या आणि मी, पाटीवरचा संचालक, एका डोळ्यानं त्या मोजत बसलो होतो. मला रडू आलं. भिंग धूसर झालं तरी मी डोळा काढला नाही.

मग कोणत्या खुणांवर अँटीबॉडी आहेत ते मशीनवर काढलं. आम्हा दोघांचं निम्मं सारखं होतं. जे निम्मं वेगळं होतं, बरोबर त्याच्यावर तिच्या अँटीबॉडी. ह्या खुणा दाजींच्यात नाहीत, भाच्यात नाहीत. त्या तिच्या अंगात शिरायला एकच वाट होती. एक बाटली.

कदाचित ती बाटली परक्याची असती तर परक्याविरुद्ध अँटीबॉडी झाल्या असत्या आणि मी मोकळा राहिलो असतो. त्या पायरीवर आई म्हणाली होती, परक्याचं नको. आता आई नाही, आणि असती तरी तिला मी हे सांगितलं नसतं.

रिपोर्टवर मी माझीच सही केली. इतका गाढव मी. सॅम्पल नंतर पुण्यालाही पाठवलं, तिथूनही तेच आलं. पण पहिला कागद माझा होता, माझ्या लॅबचा, माझ्या सहीचा, आणि त्यात लिहिलं होतं की माझी किडनी चालणार नाही.

हातपाय हलवले नाहीत असं नाही. अँटीबॉडी धुऊन काढायचे उपाय असतात, पुण्याच्या डॉक्टरांनी तेही केले. थोड्या उतरल्या, पुन्हा वर आल्या. दुसऱ्या खेपेला छातीत जंतू गेला आणि अक्का तीन आठवडे तिथंच पडून राहिली. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा केलं तर ह्यातच जाईल. मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी यादीत नाव घातलं. त्यातही तिच्या रक्ताला चालेल असा माणूस निघणं कठीण, जवळजवळ सगळ्यांवर तिच्या अँटीबॉडी होत्या. लोकांना यादीतली आशा मी रोज देतो. कशी द्यायची ते मला पाठ आहे. स्वतःला देता आली नाही.

अक्काला सांगायला मी डायलिसिसच्या खोलीत गेलो. ती हातात सुया टोचून पडलेली, मशीन फिरतंय. शेजारच्या खाटेवर घोडेगावची एक म्हातारी, कान आमच्याकडेच. मी म्हटलं, "अक्का, माझीही जुळली नाही."

"आसं कसं?" ती म्हणाली. "तुजंच तर रक्त हाय माज्या अंगात."

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. माणसांना समजावून सांगणं हा माझा धंदा आहे, विद्यार्थ्यांना मी हेच शिकवतो, की पेशंटला कारण सांगा, कारण कळलं की माणूस शांत होतो. मी अक्काच्या तोंडाकडे पाहिलं. तेवीस वर्षं ती त्या एका बाटलीवर मिरवली होती. मी म्हटलं, "कधी कधी नाही जुळत."

"बरं," ती म्हणाली. जरा वेळानं परत म्हणाली, "बरं."

गावात बोलायला किती वेळ लागतो! स्वतःची लॅब, स्वतःचा कागद, स्वतःची सही. "कुंपनानंच शेत खाल्लं," असं कुणीतरी पारावर म्हणालं आणि ते मला दोन दिवसांत चार जणांनी येऊन सांगितलं, प्रत्येकानं "मला काय तसं वाटत न्हाई बरं का" असं म्हणून. भाच्याचे फोन बंद झाले. दाजी एकदाच बोलले, तेही खाली बघून. "लॅब तुमचीच ना?" मी पुण्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला नाही. "आसंल, आसंल. डाक्टर डाक्टर एकच आसत्यात." खरं कारण त्यांना सांगावं असं शंभरदा वाटलं. पण दाजींना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत अक्काच्या कानावर जाणार, हे ठरलेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. वडिलांची आठवण येऊन स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटायची. आपल्या बैलाचे दात आपण बघू नयेत.

त्या दिवाळीला मी साडी घेतली. हिरवी, बारीक काठाची. बायको म्हणाली, "नेता कशाला, परतच येणार." तरी नेली.

अक्का फार वाळली होती. हाताला सुयांच्या गाठी. पाट मांडला, ताट आणलं, ओवाळताना तिला ताट पेलेना म्हणून भाच्याच्या बायकोनं खालून ताट धरलं. भाचा रानात निघून गेला होता. ओवाळून झाल्यावर तिनं सुनेला आत पाठवलं आणि माझ्याजवळ सरकली.

"एक आयिक. मी समद्यांना सांगितलंय."

"काय?"

"की तू देत हुतास. मीच नगं म्हनले. तुला बायकू-लेकरं हाईत, तुजा जीव धोक्यात घालून मला काय जगायचं न्हाई, आसं सांगितलंय. आता कुनी काय बोलनार न्हाई तुला."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. तिलाही तसंच वाटत होतं. मी खोटा कागद केला, भ्यालो, आणि तिनं ते पोटात घालून मला माफ करून टाकलं होतं.

"अक्का, तसं नाही गं," मी म्हटलं.

"र्‍हाऊ दे रं. मी रागावले का? तुज्या जागी कुनीबी भ्यालं आसतं. मीबी भ्याले आसते."

सांगायचं होतं. देवाशप्पथ सांगायचं होतं. अक्का, मी भ्यालो नाही, मी तर द्यायला एका पायावर तयार होतो, माझ्या पेशी तुझ्या थेंबात मेल्या आणि त्या मारायला तुझ्या अंगाला मीच शिकवलं, ऐन पंचविशीत, बाही वर करून. दोन वाक्यांचं काम. माझं नाव धुऊन निघालं असतं. मी साडी पुढे केली, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

तिनं ती नेहमीसारखी माझ्या पिशवीत कोंबली. "मला मिळालीया की ओवाळनी," ती म्हणाली आणि सुया टोचलेल्या हातावर दुसऱ्या हातानं थापटलं. "हितं हाय."

मी तिनं वाढलेले दोन लाडू खाल्ले आणि नगरला आलो.

माघात अक्का गेली. डायलिसिसला येताना गाडीतच, पांढरीपुलाजवळ. सवाष्ण गेली की माहेराकडून साडी लागते. बाजारात जायला वेळ नव्हता. कपाटातली ती हिरवी साडी बायकोनं माझ्या हातात दिली. सोनईला पोचलो तेव्हा बायका तिला आंघोळ घालून वाट बघत होत्या. मी साडी दिली. त्यांनी ती अक्काला नेसवली. ह्या वेळी ती परत आली नाही.

मी पायाशी उभा होतो. मागून अक्काची जाऊ कुणाला तरी म्हणाली, हळू, पण मला ऐकू जाईल इतपत, "किडनी न्हाई दिली, साडी तरी आनली."

साडीचा काठ एका बाजूला दुमडला होता. मी वाकून तो सरळ केला.